मावशी, एक विचारू? : माळ्यावरची गाठोडी

मागच्या महिन्यात मी पायमोज्यांवर सहज चार ओळी खरडल्या होत्या. भोईवाड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत ३१ वर्षं पाळणाघर चाललं. ते बंद केलं त्या दिवशी खिडकीतल्या बरणीतून ४७ पायमोजे निघाले आणि त्यांतल्या एकाचीही जोडी लागेना, एवढंच लिहिलं होतं. वाटलं, लोक हसतील आणि पान उलटतील. तर पत्रांचा पाऊस! कुणाच्या कपाटावर बॅगा, कुणाच्या दिवाणात गाठोडी, कुणाच्या गॅलरीत तीन चाकांची सायकल, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, याचं करायचं काय? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते. शेजारच्या कुत्र्याबद्दल विचारणाऱ्या विक्रोळीच्या गृहस्थांनी महिनाभर कळ काढावी.

लेक अडीच वर्षांची आहे. आमचा वन बीएचके. कपाटावर दोन बॅगा, बेडखाली एक खोका आणि सोफ्यामागे एक गोणी, सगळं तिचं लहान झालेलं. नवरा म्हणतो, देऊन टाक. सासूबाई म्हणतात, दुसरं होईपर्यंत एकही कपडा घराबाहेर जाता कामा नये, बाळाच्या अंगावरच्या कपड्यांवरून नजर लागते. दुसऱ्याचं आमचं अजून ठरलेलंही नाही. मी आवरायला बसते, एखादा फ्रॉक हातात येतो आणि तिथेच अडकते. असे तीन रविवार गेले. — एक आई, कांदिवली

माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेस, म्हणून तू म्हणते.

आधी ती सोफ्यामागची गोणी. बाकीचं मागाहून, ती आज संध्याकाळीच रिकामी कर. सोफा भिंतीला टेकलेला, भिंत बहुतेक बाहेरच्या बाजूची, आणि मुंबईचा पाऊस चार महिने त्या भिंतीतून आत यायची वाट बघत असतो. माझंच सांगते. थोरलीचे कपडे मी धाकटीसाठी म्हणून पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकले होते. स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या घालून. थोरली १९८२ ची, धाकटी १९८८ ची. मधे सहा पावसाळे. ट्रंक उघडली तर सगळ्यात वरच्या पांढऱ्या झबल्यावर छातीपाशी हा एवढा पिवळा नकाशा! ठेवताना डाग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. बाळाने टाकलेल्या दुधाच्या गुळणीचा अंश धुतल्यावरही धाग्यात राहतो आणि बंद पेटीत हळूहळू पिवळा पडत जातो. चड्ड्यांची इलॅस्टिकं ताणली ती ताणलेलीच राहिली. रबरी लंगोट आणि प्लास्टिकचं लाळेरं एकमेकांना असे चिकटले होते की कात्री घ्यावी लागली. साठेक कपड्यांतले धाकटीच्या अंगाला लागले फक्त अकरा. बाकीचे मी सहा वर्षं सांभाळले ते कशासाठी, याचा हिशेब अजून लागलेला नाही. त्याच चाळीत तेव्हा तीन बाळंतपणं झाली होती.

त्या डांबराच्या गोळ्यांचंही ऐक, कारण हे आमच्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पीडी नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी असतं. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी घातली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते, तीही साधीसुधी नव्हे. आपल्या बाळात हे कमी आहे की नाही, ते काही कपाळावर लिहिलेलं नसतं. तेव्हा बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाल, वेखंडाचे तुकडे पातळ फडक्यात बांधून घाल. पाला दर पावसाळ्यानंतर बदलायचा.

आता काय ठेवायचं ते. बाळ जन्मतं तेव्हा पावणेतीन-तीन किलोचं असतं. पाच महिन्यांच्या आसपास वजन दुप्पट, वर्षाचं होईतो तिप्पट. लांबी पन्नास सेंटिमीटरवरून पंचाहत्तर. मग पहिल्या सहा महिन्यांच्या कपड्यांना झिजायला वेळ कुठे मिळतो? काहींना तर दुकानातली घडी मोडल्यावर दोनदाच अंग लागलेलं असतं. दीड वर्षापुढे मात्र मूल रांगून, पडून, भिंती पुसून कपड्याचा जीव काढतं. म्हणून ठेवायचेच असतील तर अगदी बाळपणीचे सुती कपडे ठेव आणि मोठे मोकळे कर. आपण नेमकं उलटं करतो. झबली कुणाला तरी देतो आणि महागाचा म्हणून दोन वर्षांचा पार्टी फ्रॉक जपतो, ज्याची जाळी दुसऱ्या पोरीलाही तितकीच टोचणार असते.

लेकीचा जन्म कधीचा आहे, ते तू लिहिलं नाहीस. समजा जूनचा. म्हणजे सहा महिन्यांच्या मापाचे तिचे कपडे डिसेंबरचे. दुसरं बाळ जानेवारीत आलं तर त्याच मापाला जुलैचा पाऊस असेल. तेव्हा लांब बाह्यांचं काय करशील? पिशवीवर चिठ्ठी लावशील ती नुसती 'सहा महिने' अशी नको, 'सहा महिने, थंडी' अशी लाव. लोकरीचं तर काही ठेवूच नकोस. मुंबईची थंडी काही आठवड्यांची, आणि आत्या-माम्यांनी विणलेले स्वेटर सहा. माझ्याकडच्या एका बाळाची आई दर शनिवारी त्याला स्वेटर घालून आणायची, उकाड्यातसुद्धा, का तर विणणारीला फोटो पाठवायचा असायचा! ते स्वेटर जव्हार-मोखाड्याकडे जाणारं कुणी भेटलं तर त्यांच्याबरोबर दे. तिकडे डिसेंबरात खरंच काकडतात.

ठेवण्याआधी प्रत्येक चड्डीचं इलॅस्टिक कानाजवळ नेऊन ताण. कुर्र असा बारीक आवाज आला की ते मेलेलं. गळ्याशी लांब नाड्या असतील त्या कापून टाक, मग कपडा तू ठेव की कुणाला दे. दुधाचे डाग आधी गार पाण्यात भिजव. गरम पाणी घातलंस की डाग शिजतो आणि कायमचा बसतो. मग साबण, मग दोन दिवस गच्चीवरचं कडक ऊन. सगळं मिळून प्रवासाच्या एका छोट्या बॅगेत बसलं पाहिजे. बसत नसेल तर बॅग मोठी घ्यायची नाही.

सासूबाईंशी नजरेवरून वाद घालू नकोस. जिंकलीस तरी हरशील. त्यांना एवढंच विचार, तुमच्या मुलाला पहिलं झबलं कुणाचं घातलं होतं? आपल्याकडे नव्या बाळाच्या अंगाला पहिला कपडा कोरा लावत नसत. मोठ्या भावंडाचं झबलं नाहीतर आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा. कोरं कापड खरखरीत, त्यात खळ, म्हणून ही रीत. म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या अंगावरही कुणाचं तरी जुनं होतंच. त्या आठवून नाव सांगतील आणि बोलता बोलता अर्ध्या तासात मऊ येतील. पहिली पिशवी ओळखीतच जाऊ दे, त्यांच्याच भाचीकडे, पुतणीकडे. माझ्या सासूबाई द्यायचे कपडे मिठाच्या पाण्यातून काढायच्या, म्हणजे नजर उतरली. त्यांचं समाधान व्हायचं आणि कपड्याचंही काही बिघडायचं नाही.

आणि तो हातात येणारा फ्रॉक. त्याच्यापाशी बस की! पण रविवारी नको. रविवारी घरात सगळे असतात, कुणीतरी 'अजून आवरतेच आहेस?' म्हणतं. एखादी सुट्टी काढ, लेक प्लेग्रुपला गेली असताना. ती घरात असेल तर तिला दोन वर्षांपूर्वीचा टोपडं घातलेला ससाच हवा होतो. तुझ्या स्वतःसाठी पाच नग ठेव. सहावा आवडला तर पाचांतला एक बाहेर. मी पाच ठेवले होते, त्यात बोरन्हाणाचं काळं झबलं आहे. त्याच्या काजाच्या टाक्यात हलव्याचा एक दाणा अजून अडकलेला आहे. चाळीस वर्षांत मुंग्यांना कसा सापडला नाही, देव जाणे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी माझ्या मुलाचे उत्तम कपडे दिले, त्यांच्या नातवासाठी. काही तर टॅगसकट होते. पंधरा दिवसांनी आमच्याच गल्लीत बोहारणीच्या गाठोड्यात त्यातला निळा शर्ट दिसला. मला फार लागलं. त्यांना विचारू का? — घाटकोपर

नका विचारू.

तुम्ही शर्ट दिलात, तो तुमचा राहिला नाही. त्यांच्या नातवाला तो लहान झाला असेल. किंवा त्यांना शर्टापेक्षा स्टीलचा डबा हवा असेल. दहा बाय दहाच्या खोलीत तुमची चार पिशव्यांची माया ठेवायची कुठे, हाही प्रश्न असेल. तुम्ही जागा होत नाही म्हणून दिलंत, त्यांच्याकडे तर जागा तुमच्याहून कमी. माझं एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी 'हे घ्या' म्हणून पिशवी हातात कोंबू नका. पलंगावर सगळं पसरा आणि म्हणा, 'ताई, यातलं काय उपयोगी पडेल ते बघा, बाकीचं राहू दे.' त्या चार कपडे उचलतील आणि ते चारही वापरले जातील. आणि तुटक्या चेनची पॅन्ट त्या ढिगात घालू नका. घ्यायला नाही म्हणता येत नाही अशा माणसाला टाकाऊ वस्तू देणं बरं दिसत नाही.

बोहारणीला नावं ठेवू नका. जुन्या कपड्यांवर भांडं देण्याचा तिचा धंदा या शहरात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. धड कपडा धुऊन, टाचून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकला जातो आणि फाटका चिंधी होऊन कारखान्यात यंत्रं पुसायला जातो. कचऱ्याच्या वर्गीकरणाच्या पाट्या लागायच्या आधीपासून तिला ते येत होतं. फक्त लहान मुलांच्या कपड्यांना ती भाव देत नाही. आमच्या जिन्यात बसून माझी बोहारीण झबली बाजूला सारायची आणि म्हणायची, 'बाई, साहेबांची पॅन्ट आणा, याचा चमचासुद्धा नाय येत.' एकदा मी एक आख्खं गाठोडं देऊन दुधाचं पातेलं घेतलं. पातेलं वर्षात तळाला गेलं. गाठोड्यात माझ्या आईच्या लुगड्याचं दुपटं गेलं होतं, ते मला रात्री आठवलं. तो घाव पातेल्याएवढाच, पण अजून आहे.

मुलगा आता सात वर्षांचा. जुनी खेळणी दोन मोठे खोके भरून. एका संस्थेत घेऊन गेलो तर त्यांनी निम्मी परत केली. पेट्रोल घालून, सुट्टी घालवून गेलो होतो. देणाऱ्याला अशी वागणूक? — एक बाबा, मुलुंड

तुमचा राग कळला, पण मी पलीकडच्या बाजूची आहे. ३१ वर्षं लोक माझ्या दाराशी खेळणी आणून ठेवायचे. 'मुलं खेळतील हो!' म्हणायचे आणि जिना उतरायचे. आत काय, तर तीन चाकांची मोटार, केस उपटलेली बाहुली, २४ तुकड्यांच्या कोड्याचे १९ तुकडे. एका छोट्या पियानोत बॅटऱ्या तशाच राहिल्या होत्या. झाकण उघडलं तर आत पांढरा खर. तो हाताला लागला की आग होते, मुलाच्या तोंडात गेला तर विचारायलाच नको. त्या दिवसापासून मी दारातच खोका उघडून बघू लागले. लोकांना ते आवडलं नाही, तुम्हाला आवडलं नाही तसंच.

तेव्हा परत आलेले खोके घेऊन जमिनीवर बसा. मुलालाही बसवा. सात वर्षांच्या मुलाची खेळणी त्याला न विचारता देऊ नयेत. मी धाकटीचा एका डोळ्याचा हत्ती ती शाळेत असताना देऊन टाकला होता. ती आज सदतीस वर्षांची आहे आणि आमचं भांडण कशावरूनही सुरू झालं तरी हत्तीपाशी येऊन थांबतं.

बॅटऱ्या सगळ्या काढा. ज्या खेळण्यात बटणासारखी चपटी गोल बॅटरी आहे आणि झाकणाला स्क्रू नाही, ते लहान मुलांच्या घरात देऊच नका. ती बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ज्यांच्या घरी ती गिळल्याची शंका आली, त्यांनी केळं चारून वाट बघत बसू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं. मग बारीक तुकडे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी अंदाज असा की साधारण सव्वा इंच रुंदीच्या भोकातून जी वस्तू जाते ती घशातही जाऊ शकते. मी पुठ्ठ्याला तेवढं भोक पाडून तो भिंतीला टांगला होता. मुलांच्या आया हसायच्या, पण मणी, चाकं, बाहुलीचे बूट सगळं त्या भोकातून जाऊन बघायच्या.

जुन्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का शोधून तो मिळत नाही म्हणून घाबरू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा झाला १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीचं खेळणं शिक्क्याशिवाय असणारच. पण रंगाचे पोपडे निघत असतील, कडा धारदार झाल्या असतील तर ते सरळ बाद.

केसाळ अस्वलं आणि ससे हा मुंबईचा खरा ताप. वर धूळ, आत ओल. उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशीनमध्ये धुता येतात. पण जून ते सप्टेंबर हात लावू नका. बाहेरून कोरडं दिसतं, पोटात कापूस ओला राहतो आणि आठवड्यात कुबट वास. मे महिन्यात धुवा, गच्चीवर दोन दिवस उलटसुलट करा, मगच द्या. ती हॉस्पिटलात मात्र नेऊ नका. आजारी मुलांच्या अंगात प्रतिकार कमी असतो, तिथे वापरलेली केसाळ खेळणी घेत नाहीत, आणि घेत नाहीत तेच बरोबर.

जे धड उरेल ते कुठे? आधी फोन, मग पेट्रोल. १९९९ साली सुरू झालेली 'गूंज' ही संस्था कपडे आणि इतर वापरण्याजोग्या वस्तू गोळा करते, मुंबईतही. सुती कापड अगदीच गेलेलं असलं तरी त्याच्या घड्या बायकांच्या मासिक पाळीसाठी तयार करण्याचं त्यांचं काम आहे. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून मोबाइल क्रेशेस या संस्थेचं काम चालू आहे. त्यांना सध्या काय हवं आहे ते विचारा. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे तुमच्या वस्तीतली अंगणवाडी. मुलुंडला डोंगराच्या बाजूला असतील. सेविकेला दुपारी, मुलं गेल्यावर गाठा. तिला अस्वल नको असतं. तिला ठोकळे हवे असतात, रंगीत मणी ओवायचा दोरा हवा असतो, चित्रांची पुस्तकं हवी असतात, आणि हे सगळं वीस मुलांच्या हातून गेलं तरी टिकायला हवं असतं. कोड्याचे तुकडे मोजून पिशवीत घाला, पिशवीवर आकडा लिहा. तुकडा कमी असेल तर कोडं देऊ नका, सगळी मुलं शेवटच्या भोकापाशी येऊन रडतात. हे मी १९ तुकड्यांवरून सांगते आहे.

तुमच्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी असतील तर ती मात्र कुणी मागितली तरी लगेच देऊ नका. चितारआळीतली ती लाकडी फळं नि भातुकली नातवंडांपर्यंत पोचते.

दुधाच्या बाटल्या, स्टरिलायझर आणि वॉकर, तिन्ही नव्यासारखी. आमच्या कामवालीच्या सुनेला देऊ का? — चेंबूर

बाटल्या नको. ही माझी चिकित्सा नाही, कायदा आहे. १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला. बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि डब्यातलं दूध अनाथालय सोडून कुणाला दान करायचं नाही, असं त्यात आहे. कारण साधं आहे. बाटली फुकट घरात आली की अंगावरचं दूध सुटतं आणि जिथे उकळलेलं पाणी पुरत नाही तिथे ती बाटली बाळाच्या पोटाशी खेळते. वापरलेली बुचं तर कुणालाच देऊ नयेत. स्टरिलायझरमध्ये अंडी उकडा, छान उकडतात.

वॉकर मोडून भंगारात द्या. मोडूनच. त्यात मूल लवकर चालायला शिकत नाही, फक्त लवकर पोचतं, गॅसच्या नळीपाशी, इस्त्रीच्या वायरीपाशी, जिन्यापाशी. आमच्याकडे जिना होता, म्हणून पहिल्या वर्षीच मी वॉकरवाल्या आयांना नम्रपणे नाही म्हटलं. पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल मागे उभं राहून ढकलतं, पाय त्याचेच चालतात. तो असेल तर खुशाल द्या.

माझं वय ७४. गिरगावातली आमची चाळ पाडणार, महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. माळ्यावरून पाळणा उतरवला, त्यात माझ्या आईने शिवलेली कुंची आणि मुलाची झबली. मुलगा कॅनडात. नातू आठ महिन्यांचा, फोनवर दिसतो. विचारलं तर म्हणाला, 'आई, आम्हाला काही नको, इथे जागा नाही.' मला रडू आलं. बोहारणीला देऊन टाकू? — गिरगाव

ताई, बोहारणीला नका देऊ. ती कुंची बघून तुम्हाला चहाची गाळणी देईल.

मुलगा 'काही नको' म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पाळणा आला असणार, विमानाचं वजन आलं असणार. त्याला कुंची दिसलीच नसेल. त्याला विचारू नका, पाठवा. एकच वस्तू. झबली नकोत. आठ महिन्यांच्या बाळाला तुमच्या मुलाची झबली आता शिरणारही नाहीत. कुंची डोक्यावरून पाठीवर सुटी पडते, तिला माप लागत नाही, थंडीच्या मुलखात कोटावरूनही घालता येईल. आणि नसतील घालत तर न घालोत. कुणी जाणारं असेल तर पिशवीत कोपऱ्याला बसते. त्याबरोबर एक कागद घाला, कुणी शिवली, कधी, आणि तुमचा मुलगा ती घालून कुणाच्या कडेवर होता. फोटो मागू नका. आपोआप आला तर आला.

पाठवण्याआधी मशीनला लावू नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि सावलीत पसरायची. कडेला खरी जर असेल तर पाणीही नको, नुसता वारा द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा.

झबल्यांतली सुती असतील त्यांची गोधडी करून घ्या. तुमच्या हाताने जमत नसेल तर करणाऱ्या बाया अजून मिळतात. होजिअरीचं कापड सुईखाली ताणतं, म्हणून खाली जुनी सुती साडी द्यायची आणि धावदोरा जवळ जवळ घालायला सांगायचा. लंगोट उरले असतील तर त्यांच्यासारखं गुणी फडकं नाही, चष्म्यापासून खिडकीच्या काचेपर्यंत. फक्त देवाची उपकरणी त्याने पुसू नका. मी एकदा पुसली होती. पितळ असं लखलखलं की सासूबाईंनी कौतुकाने फडकं हातात घेऊन बघितलं, आणि पुढचे दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

राहिला पाळणा. तो तुमच्या मुलाआधी किती जणांनी वापरला ते आठवा. चाळीत पाळणा एका घरचा कधीच नसतो. आमच्या मजल्यावर एकच होता आणि बाळंतीण घरी यायच्या आदल्या दिवशी तो खोली बदलायचा. तुमच्या बिऱ्हाडांपैकी कुणाची सून, कुणाची नात वाट बघत असेल. चाळ पांगायच्या आधीच विचारून टाका, एकदा सगळे वेगवेगळ्या भाड्याच्या घरांत गेले की पत्ते शोधत बसावं लागेल. घेणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. नव्या इमारतींत छताला कडी नसते आणि पीओपीच्या छताला पाळणा टांगायचा नसतो, लोखंडी स्टँड करून घ्यावा लागेल. आणि जुना तैलरंग असेल तर तो घरात खरवडू नये, त्याची धूळ बाळाच्या पोटात जाते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. सुताराकडे बाहेर नेऊन काढून घ्यावा आणि लाकूड तसंच ठेवावं.

सोडवताना चारही साखळ्यांना वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधा आणि तीच चिंधी त्या त्या कोपऱ्याच्या कडीलाही बांधा. आमचा पाळणा दुसऱ्या मजल्यावरून आणला तेव्हा एक आखूड साखळी उलट्या बाजूला लागली, आणि धाकटीचं बारसं अर्धा तास तिरकंच झालं.